न फोडलेल्या सुपाऱ्या

गोदूबाई चहा बशीत ओतायची आणि पहिला थेंब जमिनीवर सांडायची. फाटकातून कुणी आत आलं की नाव विचारायची नाही, "कोनाची तू?" असं विचारायची. मिरच्या तोडताना झाडाशी बोलायची. माणसांशी बोलताना झाडाकडे बघायची. टीव्हीवर कुणाचं लग्न लागलं की डोक्यावर पदर घ्यायची. झाडू कधी उभा ठेवायची नाही. कमरेला कापडाची चंची असायची. चंचीत तंबाखू नाही, चुना नाही, फक्त सुपाऱ्या. त्या ती खायची नाही.

सुपाऱ्यांचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच झालं.

गोदूबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला गातात. हळदीचा वेगळा, चौक भरायचा वेगळा, नवरी निघते तेव्हाचा वेगळा. ते गाणारी आणि विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. तिला पत्रिका देत नाहीत. घरचं माणूस येतं आणि तिच्या हातावर सुपारी ठेवतं. तिने मूठ मिटली की ती बांधली गेली. मग अंगात ताप असला तरी जायचं. नवरी निघाली की ती सुपारी अडकित्त्याने फोडायची, मांडवातल्या बायकांना वाटायची आणि मोकळं व्हायचं. तोवर सुपारी चंचीत. निदान गोदूबाईचा नियम असा होता. तिचा नवरा जनू गेल्यावरही लोकांनी तिला बोलवणं थांबवलं नाही, आणि तिने कुणाला नाही म्हटलं नाही.

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमची बिल्डिंग तिच्या कुंपणाला लागून आहे. आजूबाजूला सगळे मजले चढले. मधे तिचं कौलारू घर आणि मोठं अंगण राहिलं. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात तिने खालून हाक मारली, "ए वरची! तुझ्या चादरीचा पानी माझ्या मिरच्यांवर परतंय!" मी चादर काढून सॉरी म्हणायला खाली गेले. तिने चहा दिला.

"कोनाची तू?"

मी सांगितलं. अकोल्याकडचे आम्ही.

"काय करतंस?"

"बीए झालं, आजी. मराठी साहित्यात. आता क्लासमध्ये शिकवते."

"म्हंजे गोष्टी वाचल्यास?"

"हो."

"तीन वरसं?"

"हो."

"आनि बापाने पैसे भरले?" ती झाडाकडे बघून खूप हसली. तेव्हापासून माझं नाव बीए पडलं. प्राची हे नाव तिने एकदाही घेतलं नाही.

संध्याकाळी क्लास नसला की मी तिच्या ओटीवर बसायची. ती धवला म्हणायची, मी ऐकायची. धवल्यात ज्याचं लग्न त्याची नावं घालतात. मला नावं घालून दाखवताना ती माझं लग्न कुणाशीही लावायची. एकदा बर्फवाल्याशी लावलं.

माझ्या वयाची माझी बदलापुरात कुणी मैत्रीण नव्हती. ती होती.

तिचा पुतण्या हरेश शेजारच्या खोल्यांत राहायचा. जनूच्या धाकट्या भावाचा मुलगा. विटा, रेती, खडी पुरवायचा. गळ्यात चेन, हातात दोन फोन. पण सकाळी तिचं अंगण तोच झाडायचा. त्याची बायको दोन वेळचं जेवण आणून द्यायची. गोदूबाईची मुलगी कुमुदिनी अंबरनाथला दिलेली. ती डबे करते. सणाला यायची, साडी आणायची, निघताना आईचे पाय धरून रडायची.

गोदूबाई विसरायला लागली ते कधी, हे मला सांगता येत नाही. चहात साखर दोनदा पडायची. मग अंगणातली विहीर कुठे गेली म्हणून विचारलं. ती विहीर माझ्या जन्माआधी बुजवली होती. जनू नदीवरून अजून कसा आला नाही, म्हणून फाटकात उभी राहिली. मी हात धरून आत आणलं. मी घाबरले होते. हरेश घाबरला नाही.

"काकीला काय नाय झालं," तो म्हणाला. "परवा वांगणीला हळद होती. सगळा धवला म्हटला तिने. एक शब्द चुकला नाय. डोक्याने गेलेला माणूस असा म्हनेल का?"

वांगणीला मीही गेले होते. खरंच एक शब्द चुकला नव्हता. नवरीच्या मामाच्या सासऱ्यांपर्यंत सगळी नावं तिने ओवली. मांडवातल्या म्हाताऱ्या माना डोलवत होत्या. मग ती खाली बसली, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "बीए, कोनाचा लगीन हाय?"

हे मी कुमुदिनीताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "दमली असेल गं. धवला आठवतो ना? मग झालं."

सगळ्यांचं तेच होतं. धवला हीच तिची तपासणी होती. तो बिनचूक आला की विषय बंद.

तिला घराबाहेर काढणं मात्र अवघड झालं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ती खांब धरून बसायची. मग हरेशला युक्ती सापडली. त्याने तिच्या हातावर सुपारी ठेवली. "काकी, बोलावना आलंय." तिने मूठ मिटली, नवी साडी नेसली आणि निघाली. डॉक्टरने रक्तदाब बघितला. ती त्याला म्हणाली, "नवऱ्याला हलद लागली का?" डॉक्टर हसले. हरेश हसला. मीही हसले.

मग ती युक्ती सगळ्यांची झाली. नखं काढायला सुपारी. आधारच्या अंगठ्याला सुपारी. कुमुदिनीताईंनीही तिला दिवाळीत अंबरनाथला न्यायला सुपारीच दिली. चंची फुगत गेली. अडकित्ता खुंटीला लटकून राहिला, कारण त्यातलं एकही लग्न लागत नव्हतं.

एक दिवस हरेश आमच्याकडे पेढे घेऊन आला.

"काकीने घर माझ्या नावावर केलं," तो म्हणाला. "बक्षीसपत्र. रजिस्टर झालं."

मी पेढा हातात धरून उभी राहिले.

"तिने स्वतःहून?"

"मग? साहेबाने विचारलं तिला, आजी, स्वखुशीने देता ना? काकी काय म्हनाली माहितीये? लावा, सुखानं लावा. सगळे हसले. मग गायला लागली. अख्खं ऑफिस उभं राहून ऐकत होतं. साहेब म्हनाला, या वयात काय मेमरी आहे."

"लावा म्हणाली? देते नाही?"

"एकच ना ते."

"हरेशदादा, तिला तुम्ही काय सांगून नेलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला प्रश्नच कळला नव्हता, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. "नेहमी नेतो तसंच," तो म्हणाला. "सुपारी देऊन."

मी त्या संध्याकाळी तिच्याकडे गेले. ती मिरच्यांत होती. मी सरळ विचारलं, "आजी, घर कुणाला दिलंस?"

"घर?" ती म्हणाली. "पोर देतात घरात. घर कोनाला देतात?"

"हरेशला दिलंस का?"

"हरेशला पोर बघायची हाय?"

हरेशची दोन मुलं तेव्हा फाटकात सायकल खेळत होती. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "त्या लग्नाचा निरोप नाय आला अजून. हलद झाली. नवरी नाय निघाली." आणि चंची चाचपली.

कुमुदिनीताईंना पेढे पोचले नाहीत. बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी त्या अंगणात उभ्या होत्या.

"बिल्डर आणलास ना घरात?"

"आनला. मग? हे कौल पडतंय. काकीला खाली वन बीएचके देणारे, लिहून घेतलंय."

"आईला समजतं का वन बीएचके?"

"तुला समजतं का तिचं काय? कुमे, तू साडी आनतेस. हागनं-मुतनं माझी बायको काढते."

"काढते ना? मग त्याच्या बदल्यात घर घेतलंस?"

 हरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते खोटं वाटलं नाही. गोदूबाई ओटीवरून दोघांकडे बघत होती. म्हणाली, "मांडवात भांडू नये."

कुमुदिनीताई आईला घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात मला फोन आला, उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये ये, वकिलांकडे, तू रोज बघतेस, तू सांग. वकील सोनिया मॅडम सिंधी होत्या. केबिन छोटं, खाली कापडाचं दुकान, वर येईपर्यंत सेल्समनच्या हाका. त्या मराठी-हिंदी मिसळून बोलायच्या.

"देख बेटा, दोन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "एक, आजींना समजत होतं का, हे काय चाललंय. दुसरी, समजत असलं तरी त्या ना बोलू शकत होत्या का. जो माणूस जेवायला घालतो, औषध देतो, बाहेर नेतो, त्याला म्हातारा माणूस ना कसा बोलणार? कोर्ट दोन्ही बघतं. सुपारीवाली बात तर बहुत स्ट्राँग आहे. फसवूनच नेलं ना."

गोदूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. अंगावर ठेवणीतली हिरवी साडी. मी जवळ गेले. "कोनाची तू?" तिने विचारलं.

"बीए," मी म्हटलं.

"हां. बर्फवाला कसा हाय?"

सोनिया मॅडमच्या असिस्टंटने वकीलपत्र पुढे केलं. कुमुदिनीताईंनी आईचा अंगठा शाईवर टेकवला. तो सहज टेकला. डावा हात मात्र मिटलेला होता. मी तेव्हा त्या मुठीकडे पाहिलं, आणि ती मूठ का मिटली आहे ते मला कळलं. मी कुमुदिनीताईंकडे बघितलं. त्यांनी नजर खाली केली.

"नाहीतर ती येत नव्हती गं," त्या जिन्यात म्हणाल्या. "खांब धरून बसली. मी काय करू?"

दावा गोदूबाईच्या नावाने लागला. वादी गोदूबाई, प्रतिवादी हरेश. बक्षीसपत्र रद्द करा. ती अंबरनाथला टिकली नाही. रोज फाटक शोधत रस्त्यावर जायची. शेवटी कुमुदिनीताईंनीच तिला हेंद्रेपाड्याला परत आणून सोडलं. ज्याच्यावर दावा त्याच्याच घरचं ती जेवत होती. हरेश अजूनही अंगण झाडत होता. मला बघितलं की झाडू थांबवायचा.

"तू रोज येतेस. तू सांग, काकी वेडी आहे?"

मी सांगू शकत नव्हते. वेडी नव्हती. शुद्धीतही नव्हती. मला तिसरा शब्द सापडत नव्हता. तीन वर्षं गोष्टी वाचल्या होत्या.

कोर्टाने वादीला समोर आणायला सांगितलं. न्यायाधीश तरुण होते. गोदूबाईला उभं राहता येत नव्हतं, म्हणून तिला खुर्ची दिली. मी मागच्या बाकावर होते.

"आजी, तुमचं नाव काय?"

"धवलारीण."

"नाव?"

"गोदू. जनूची."

"तुम्ही इथे कशाला आलात?"

ती हसली. न्यायाधीश लहान आहेत, त्यांना माहीत नसणार, अशी ती हसली. "लग्नाला."

हरेशचे वकील उठले. "साहेब, हाच मुद्दा आहे. वादीला आपण दावा लावलाय हेच माहीत नाही. मग हा दावा कोणाचा? आणि दाव्यावरचा अंगठा चालत असेल, तर बक्षीसपत्रावरचा का चालत नाही?"

सोनिया मॅडम उठल्या. "साहेब, त्यांना लग्नाचं खोटं सांगून नोंदणीला नेलं, सुपारी देऊन. हेच आमचं म्हणणं आहे."

न्यायाधीशांनी हात वर केला. ते पुढे वाकले. "आजी, तुम्हाला कुणी सुपारी दिली?"

त्या एका शब्दावर ती सावरून बसली. कमरेची चंची सोडली आणि सुपाऱ्या समोरच्या कठड्यावर मांडायला लागली. एक एक करून. 

"ही हरेशची," ती म्हणाली. "ही पन हरेशची. ही सुनेची. ही कुमीची, ही कुमीची." एक उचलून तिने जवळ धरली. "आजची कुमीची." मग एक काळी पडलेली उचलली. "ही जनूची. सकाली दिली त्याने."

जनूला जाऊन किती वर्षं झाली ते कोर्टात तिघांनाच माहीत होतं. हरेशला, कुमुदिनीताईंना आणि मला.

"ही सगली लग्ना राहिलीत," ती न्यायाधीशांना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच रडवेला झाला. "कोन पुरा करूनच देत नाय. हलद झाली की घरी आनतात. मी अशीच मरू का बांधलेली?"

आणि मग तिने धवला धरला. खुर्चीत बसून, सुपाऱ्यांवर हात ठेवून. शिपाई पुढे आला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं, थोडं ऐकलं, मग त्यांनाही तिला थांबवावं लागलं. धवला मधेच तुटला. तिने कधी धवला मधे सोडला नव्हता. ती हरेशकडे आणि कुमुदिनीताईंकडे आळीपाळीने बघायला लागली, कुणीतरी पुढची ओळ उचलेल म्हणून. दोघांनाही ती येत नव्हती. मला येत होती. मी उचलली नाही. कोर्ट होतं.

न्यायाधीशांनी सांगितलं की सरकारी डॉक्टरांनी तिची मानसिक तपासणी करून अहवाल द्यावा. गरज पडली तर दावा चालवायला तिच्या वतीने दुसरं माणूस नेमता येईल, पण ते दोन्हीपैकी कुठल्याच बाजूचं नको. तोवर घराला कुणी हात लावायचा नाही.

जिन्याखाली हरेश आणि कुमुदिनीताई एकमेकांच्या शेजारी उभे होते.  गोदूबाईला रिक्षात बसवायचं होतं आणि ती बसत नव्हती. हरेशचा हात सवयीने खिशात गेला. कुमुदिनीताईंचा पर्समध्ये. दोघांनी एकमेकांचे हात बघितले आणि दोघेही थांबले. शेवटी हरेशने तिला उचलून बसवलं. ती ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं.

तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. मधल्या दिवसांत ती फारशी बोलली नाही. मिरच्यांशीसुद्धा नाही. एकदा मी तिच्यापाशी बसून हळू आवाजात कोर्टातली तुटलेली ओळ म्हटली. तिने मान वळवली. माझ्याकडे बघितलं, झाडाकडे नाही. म्हणाली, "चौक भरला का?"

"नाही, आजी."

"मग पुढचा कसा म्हनतंस?"

तिचं बरोबर होतं. त्या धवल्याच्या आधी चौक भरतात. तांदळाच्या पिठाने जमिनीवर चार बाजू काढतात, मधे सुपारी ठेवतात. मग नवरा-नवरीला तिथे आणतात.

ती गेली त्या सकाळी मला हरेशच्या बायकोची हाक ऐकू आली. मी खाली धावले. गोदूबाई ओटीवर कलंडली होती. हिरवी साडी नेसली होती. स्वतःच्या हाताने नेसली असावी, कारण निऱ्या उलट्या होत्या. डोक्यावर पदर होता. डॉक्टर आले आणि झोपेत गेल्यासारखी गेली म्हणाले. ती झोपेत नव्हती. तिच्या बोटांना पीठ होतं.

कुमुदिनीताई अंबरनाथहून आल्या. आईच्या अंगावर पडून रडल्या. हरेश फाटकाला धरून रडला. माणसं जमायला लागली. वांगणीहून बायका आल्या.

तेव्हा कुणाचं तरी लक्ष ओटीवर गेलं. गेली तेव्हा ती चौक भरत होती. रेघा सरळ होत्या, सारख्या जाडीच्या, कोपरे नीट जुळलेले. मधे एक सुपारी ठेवलेली होती. ती कुणाची, हे फक्त तिलाच सांगता आलं असतं. तीन बाजू झाल्या होत्या.

हरेशने डोळे पुसले आणि फोन काढला. "बघा," तो वांगणीच्या बायकांना म्हणाला, "हात हलला का कुठं? शेवटच्या दिवशीपन काकी अशी होती." त्याने फोटो काढला. कुमुदिनीताईही उठल्या. त्यांनी उघड्या बाजूने वाकून फोटो काढला. "मधेच सोडलाय," त्या म्हणाल्या. "आई कधी मधे सोडत नव्हती. ती शुद्धीतच नव्हती." मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी चौकाकडे बघत होते. खांबापाशी पितळेची वाटी होती. वाटीत पीठ शिल्लक होतं. चौथ्या बाजूला पुरलं असतं.